आयटीआयला निधी आला, तर आधी काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तालुक्याच्या आयटीआयच्या व्यवस्थापन समितीवर नुकतेच आलेले एक कारखानदार विचारतात: "केंद्राच्या नव्या योजनेतून आमच्या संस्थेला पैसे मिळतील असं दिसतंय. पास होऊन आमच्याकडे येणाऱ्या मुलांना साधा व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचता येत नाही. मग सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र) घ्यावी, नवा ट्रेड (अभ्यासक्रम) सुरू करावा, की इमारत वाढवावी? मुलं खरोखर शिकावीत म्हणून काय बदलायला हवं?"

मी कोल्हापूर जिल्ह्यात सत्तावीस वर्षं फिटर ट्रेडचा (यंत्रांचे भाग घडवून जोडायचं काम) शिल्पनिदेशक, म्हणजे शिकवणारा सर, होतो, शेवटी गटनिदेशक म्हणून निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नातल्या व्हर्नियरपासूनच सुरुवात करतो.

व्हर्नियर प्रत्येक आयटीआयत आहे आणि पूर्वीपासून आहे. मुलगा दोन वर्षं त्याच्या शेजारी उभा होता. तरीही त्याला तो वाचता येत नसेल, तर त्या दोन वर्षांत त्याच्याजवळ थांबून "तुझं माप चुकलंय, कुठे चुकलं ते आपण बघू" असं म्हणायला कुणाला सवड मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सीएनसी घेतलीत तर दोन वर्षांनी तुम्ही मला लिहाल की मुलांना ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) देता येत नाही. कारण तेच असेल.

थोडा हिशोब मांडू. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. २०२२च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला प्रात्यक्षिकाचे ८४० तास, सिद्धांताचे २४० आणि रोजगार कौशल्याचे १२० तास आहेत. कारखान्यातल्या कामाचे किंवा प्रकल्पाचे १५० तास वेगळे. एका तुकडीत वीस मुलं. समजा दिवसाला प्रात्यक्षिकाचे पाच तास मिळाले, म्हणजे तीनशे मिनिटं. सरांनी दुसरं काहीही केलं नाही तर एका मुलाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात. त्यातून हजेरी, हत्यारं देणं-घेणं, ग्राइंडरपुढची रांग, मध्येच गेलेली वीज, ऑफिसातून आलेला "ताबडतोब माहिती भरा"चा निरोप हे सगळं वजा करा. शेजारच्या तुकडीचं पद रिकामं असेल तर तिथली वीस मुलंही याच सरांकडे. मग एका मुलाला दिवसाला तीन-चार मिनिटं मिळाली तरी पुष्कळ म्हणायचं. सुधारणा कुठलीही करा, ती या तीन मिनिटांची दहा मिनिटं करते का, एवढंच मी बघतो.

आजवरच्या सुधारणा या प्रश्नापाशी क्वचितच पोचल्या. देशात आयटीआय ज्याखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. २००७-०८ पासून १,३९६ शासकीय आयटीआयंना उद्योगांच्या भागीदारीत प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं; तुम्ही ज्या समितीवर आहात ती त्याच काळात ठिकठिकाणी उभी राहिली. २०१३ला सत्र पद्धत आली, २०१८ला पुन्हा वार्षिक झाली. सिद्धांताचा लेखी पेपर जाऊन बहुपर्यायी प्रश्न आले, पुढे ते संगणकावर गेले. आता ६०,००० कोटींच्या योजनेत १,००० शासकीय आयटीआय घेतल्या जाणार आहेत, २०० मुख्य आणि त्यांना जोडलेल्या ८००. यातलं पुष्कळ काही हवंच होतं. पण बाकावर व्हाइससमोर (तुकडा घट्ट धरायच्या शिकंजासमोर) उभ्या असलेल्या पोराच्या हातात काय चाललंय, तिथवर या बदलांतलं फारच थोडं झिरपलं.

त्या बाकाजवळची एक गोष्ट सांगतो.

आमच्या ट्रेडची सुरुवात कानस चालवण्यापासून होते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि त्याची बाजू सपाट करायची. बघायला सोपं वाटतं. कानस पुढे ढकलताना सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त लागतो, शेवटाला मुठीवरच्या हाताचा. हा तोल जमला नाही की कानस झोके खाते आणि तुकड्याच्या दोन्ही कडा खाली बसून मध्ये पोट येतं. ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरलं की कडांपाशी फट दिसते. एका वर्षी तुकडीत एक मुलगी होती. मन लावून काम करणारी, पण तिच्या प्रत्येक जॉबला (करायला दिलेल्या तुकड्याला) पोट. मी तीन आठवडे तिला हाताच्या दाबाबद्दलच सांगत राहिलो, एकदोनदा चिडलोही. एके दिवशी दुसऱ्या कामासाठी तिच्या मागे उभा होतो, तेव्हा लक्षात आलं की व्हाइसचा जबडा तिच्या कोपराच्या बराच वर येतोय. तो कोपराच्या उंचीला असायला हवा, हे मीच पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहून देत होतो. पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या ठोकून तिच्या पायाखाली पाट केला. दोन दिवसांत पोट गेलं. तीन आठवडे चूक बाकाची होती आणि बोलणी ती खात होती. ते मला आजही लागतं. तीन आठवडे मी तिच्याकडे लांबूनच बघत होतो, म्हणून ते झालं.

त्यानंतर मी जॉब तपासायची पद्धत बदलली. पूर्वी मुलं जॉब घेऊन रांगेत यायची, मी माप घ्यायचो, आकडा लिहायचो, गुण द्यायचो. मोजणं माझं, चूक शोधणं माझं. मुलानं फक्त निकाल ऐकायचा. नंतर मी नियम केला की जॉब आणताना सोबत चिठ्ठी हवी. चारही बाजूंची मापं स्वतः घेऊन लिहायची, खाली सही करायची. मग मी चिठ्ठी न बघता मोजणार. दहापैकी सहा गुण त्याचं माप आणि माझं माप जुळण्याला, चार गुण जॉब मापात असण्याला. ५० मिलिमीटरचा जॉब ४९.४० झाला असेल आणि पोरानं ४९.४० लिहिलं असेल, तर सहा गुण त्याचे.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर ५०.०० होतं. माझी मापं ४९.६२, ४९.७०, ५०.३४ अशी. मुलांना वाटत होतं, सरांना हवा तो आकडा लिहायचा असतो. दहावीपर्यंत त्यांना तेच शिकवलेलं. खोटं लिहून गुण जातात आणि खरं लिहून मिळतात यावर विश्वास बसायला महिना लागला. मग मात्र मुलं येऊन म्हणू लागली, "सर, इकडे एकोणपन्नास पॉइंट शहाऐंशी येतंय, त्या टोकाला चौऱ्याऐंशी. टेपर आहे बहुतेक." हे वाक्य ज्या दिवशी मुलाच्या तोंडून येतं, त्या दिवशी तो शिकायला लागला असं मी धरतो. त्याला आता आपली चूक स्वतःला दिसते आहे. उद्या तुमच्या शॉप फ्लोअरवर त्याच्या मागे कुणी सर नसणार, तेव्हा हेच लागणार आहे. या पद्धतीला एक पैसा खर्च आला नाही. तपासायला वेळ मात्र जास्त लागतो.

चुकलेल्या जॉबचंही तेच. बिघडलेला जॉब मुलं भंगारात लपवतात आणि वर्षभरापूर्वी पास झालेल्या कुणाचा तरी जॉब पॉलिश करून दाखवतात. हे ठिकठिकाणी चालतं आणि निदेशकांना ठाऊक असतं. कारण साधं आहे: दुसरा तुकडा मिळत नाही. वर्षाचा कच्चा माल खरेदीच्या फायलीत अडकून कधी फेब्रुवारीत येतो, तोवर एकाच फ्लॅटवर (लोखंडी पट्टीवर) आधी कापणं, मग कानस, मग ड्रिल असं उरकलं जातं. ज्याला एकच तुकडा मिळतो त्याला चूक परवडत नाही, आणि चूक परवडत नाही तो शिकत नाही. म्हणून मी समितीला सगळ्यात आधी सांगेन, माल जास्त घ्या. प्रत्येक जॉबला मुलामागे दोन तुकडे धरा. बिघडलेला जॉब टाकून द्यायचा नाही; त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, "खुणेचा पंच सरकला म्हणून भोक दोन मिलिमीटर बाजूला गेलं" असं पोराच्याच शब्दांत लिहायचं आणि वर्कशॉपच्या फळीवर ठेवायचं. पहिलाच चुकलेला जॉब सरांनी स्वतःचा ठेवावा. मी ठेवला होता, डोव्हटेलचा. पुढच्या वर्षीची मुलं ती फळी पुस्तकापेक्षा लक्ष देऊन वाचत.

सिद्धांताबद्दल फार लिहीत नाही, पण एक सांगायला हवं. पूर्वी वर्कशॉप गणित आणि अभियांत्रिकी चित्रकला हे वेगळे विषय होते, त्यांचे वेगळे निदेशक होते. आता ते ट्रेडच्या सिद्धांतात मिसळले आहेत. संगणकावर चार पर्यायांतून एक निवडायचा असल्यानं मुलं प्रश्नसंच पाठ करतात. 'क्लिअरन्स फिट म्हणजे काय' याला बरोबर टिक करणारा मुलगा बेअरिंग आणि शाफ्ट हातात दिल्यावर गप्प बसतो. मी बैलगाडीवरून सांगायचो. चाक आसावर मोकळं फिरलं पाहिजे, ते क्लिअरन्स फिट. पण चाकावर बसवायची लोखंडी धाव लोहार तापवून चढवतो. गार झाली की ती लाकडाला आवळून बसते, ते इंटरफिअरन्स फिट. ज्याच्या गावात लोहाराचा भाता अजून चालतो, त्या पोराला हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. चांगला निदेशक असा दुवा शोधू शकतो. त्यासाठी त्याला मुलाचं गाव, घर, बोली माहीत असावी लागते, आणि मुलाशी बोलायला उसंत लागते.

परीक्षेकडे येतो. आपल्या नियमानुसार प्रात्यक्षिक आणि वर्षभराचं सातत्यपूर्ण मूल्यमापन यांत उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, इतर विषयांत ३३. कागदावर हे फार शहाणपणाचं आहे. हाताच्या कामाला जास्त वजन दिलंय. पण वर्षभराचं मूल्यमापन पुष्कळ ठिकाणी वर्षाच्या शेवटी दोन दिवस बसून भरलं जातं. त्यात निदेशकाचा आळस कमी आणि रकाने जास्त असतात. मुलामागे, जॉबमागे इतके रकाने भरायचे म्हटले तर शिकवायचं कधी? तुम्ही समितीवर आहात, तर एवढं करा. दर तीन महिन्यांनी तुमच्या क्वालिटी विभागातला एक माणूस एका दिवसासाठी संस्थेत पाठवा. त्यानं प्रत्येक मुलाचा एकच जॉब बघावा आणि मुलाला दोनच गोष्टी विचाराव्यात: कुठे अडलास, आणि पुन्हा केलास तर काय वेगळं करशील? ती नोंद मुलाच्या वहीत राहू द्या. जर्मनीत धातूकामाच्या बऱ्याच ट्रेडना अंतिम परीक्षाच दोन भागांत असते. पहिला भाग प्रशिक्षणाच्या मध्यावर होतो आणि त्याचे गुण शेवटच्या निकालात धरतात. दीड-दोन वर्षं बाकी असताना मुलाला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि सुधारायला वेळ उरतो. आपली परीक्षा बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. तिमाहीला एक दिवस देणं आहे.

आता तुमच्या कारखान्याकडे बोट दाखवावं लागेल, राग मानू नका. आमची मुलं प्रशिक्षणाच्या तासांसाठी किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यात येतात, तेव्हा बहुतेक वेळा ती हेल्पर होतात. माझा एक विद्यार्थी सहा महिने फक्त कास्टिंग मोजून खोक्यात भरत होता. शनिवारी भेटला की म्हणायचा, "सर, हात विसरायला लागलेत." शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा आहे, आज तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. संख्या भरली की कायदा पाळला जातो, पण त्या मुलाला शिकवायचं कुणी, हे ठरवल्याशिवाय तो शिकत नाही. जर्मनीत शिकाऊ मुलांना घेणाऱ्या कंपनीत प्रशिक्षक म्हणून नेमायच्या माणसाला शिकवता येतं हे वेगळी परीक्षा देऊन सिद्ध करावं लागतं, आणि मुलगा आपण काय काम केलं ते नियमितपणे वहीत लिहितो.

आपल्याकडेही हे अगदी परकं नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या पोरं मेस्त्रीच्या हाताखालीच तयार झाली. पोरगं आधी झाडलोट करायचं, मग हत्यारं पुसायचं, मग मेस्त्री एके दिवशी म्हणायचा, "धर, हा कट तू घे." त्यात शिव्या होत्या, मारही होता, पगार नावापुरता, ते परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण पोराला ठाऊक असायचं की आपला मेस्त्री कोण. तुमच्या कारखान्यात आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी एका माणसाच्या स्वाधीन करा. त्या माणसाच्या उत्पादनाच्या टार्गेटमधून दिवसाला अर्धा तास कमी करा, नाहीतर तो शिकवणार नाही, आणि त्याचा दोषही नाही. मुलगा कुठल्या महिन्यात कुठल्या मशीनवर असेल याचं एक पान लिहून आयटीआयच्या सरांना द्या. शनिवारी मुलानं वहीत पाच ओळी लिहाव्यात, मेस्त्रीनं सही करावी. बाकी काही नको.

उलट बाजूनं खरं काम आयटीआयत यायला हवं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं गावाच्या गरजेची कामं करत करत शिकतात. शेती, बांधकाम, वेल्डिंग, वीजजोडणी सगळं. तोच विचार पुढे 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावानं माध्यमिक शाळांत गेला. आमच्या एका वेल्डर तुकडीनं जिल्हा परिषदेच्या शाळेची मोडलेली बाकं दुरुस्त केली होती. सराव म्हणून टाका घालताना ज्यांच्या वेल्डला भोकं पडायची, त्याच मुलांनी तिथे टाका दोनदा ग्राइंड करून पुन्हा घातला. "त्यावर पोरं बसणार आहेत सर," एकानं मला सांगितलं. प्लेटवर प्लेट जोडून कोपऱ्यात फेकायची असते तेव्हा ही काळजी येत नाही. अशी कामं शोधून देणं समितीला सहज जमेल.

आणि निदेशक. या सगळ्याचा भार ज्याच्यावर आहे, तो पुष्कळ ठिकाणी कंत्राटी किंवा तासिकेवर आहे, पुढच्या वर्षी असेल की नाही त्यालाच माहीत नाही. जो कायम आहे त्याचे दोन-दोन तास प्रवेशाच्या, हजेरीच्या, योजनांच्या पोर्टलवर जातात. शिकवण्याचं प्रशिक्षण त्यानं एकदा घेतलेलं असतं. त्यानंतर वीस वर्षं तो नव्या यंत्राजवळ गेलेलाही नसतो. मी स्वतः पहिल्यांदा सीएनसी नीट बघितली ती माझ्याच एका विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीत. त्यानं मला आठ दिवस शिकवलं आणि चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. तुम्ही दर वर्षी उन्हाळ्यात दोन निदेशकांना पंधरा दिवस तुमच्याकडे कामाला घ्या, मानधन देऊन. आणि निधीच्या नियमात बसत असेल तर माहिती भरण्यासाठी एक ऑपरेटर संस्थेला द्या. एका ऑपरेटरच्या पगारात पाच-सहा निदेशक वर्कशॉपमध्ये परत येतील. दहा मिनिटांचा जो हिशोब वर मांडला, तो इथे सगळ्यात स्वस्तात सुटतो.

मुलांच्या पोटाचंही बघा. विद्यावेतन अनेक वर्षं महिना ४० रुपये होतं, २०२३ मध्ये शासनानं ते ५०० केलं. तरी रात्रपाळी करून सकाळी वर्कशॉपला येणारी मुलं प्रत्येक तुकडीत असतात. ग्राइंडरवर डोळा लागलेला मुलगा मी बघितला आहे. मुली ट्रेड सोडतात त्यामागे अनेकदा चारची एसटी असते. ती चुकली की अंधार पडेपर्यंत दुसरी नाही. वसतिगृह किंवा एक गाडी एवढ्यानं हजेरी बदलते.

सीएनसी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. तुमच्या भागातले कारखाने त्यावरच चालतात, आमच्या मुलांना ती यायलाच हवी. पण एक मशीन आणि वीस मुलं म्हटल्यावर एकोणीस जण बघत उभे राहतात. मी काम केलेल्या एका संस्थेत असं मशीन आलं, उद्घाटन झालं, दोन वर्षांनी देखभालीचा करार संपला आणि एका इलेक्ट्रॉनिक कार्डासाठी ते बंद पडलं. त्यावर ताडपत्री होती ती मी निवृत्त होईपर्यंत तशीच. म्हणून आधी दहा संगणक आणि सिम्युलेटर घ्या. मुलांना प्रोग्राम लिहू दे, पडद्यावर टूल जॉबमध्ये घुसू दे, पुन्हा लिहू दे. तिथे चूक फुकट आहे. साध्या लेथवर ज्यानं हातानं कट घेतला आहे त्याला फीड (टूल किती वेगानं पुढे सरकतं) म्हणजे काय ते समजतं, म्हणून जुने लेथ भंगारात काढू नका, त्यांचे स्लाइड आणि नट दुरुस्त करून घ्या. मग मशीन घ्या, आणि पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. ते निघत नसतील तर मुलांना आठवड्यातून एक दिवस तुमच्या मशीनवर बोलवा.

पुढच्या बैठकीआधी एकदा सकाळी साडेनऊला प्रात्यक्षिकाच्या वेळी संस्थेत जा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नका, सरळ फिटरच्या वर्कशॉपमध्ये जा आणि रॅकमधली कोणतीही एक कानस उचला. अंगठा हलकेच फिरवून बघा. दाते लागत नसतील तर पहिली खरेदी कानशींची: बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ (जाड दात्यांपासून बारीक दात्यांपर्यंत), प्रत्येक मुलामागे एक-एक. सोबत हॅक सॉ ब्लेड, दोन वर्षं पुरेल इतका फ्लॅट आणि दर चार मुलांत एक व्हर्नियर. मग एखाद्या मुलाच्या बाकाजवळ थांबा, त्याचा जॉब हातात घेऊ नका, त्यालाच मोजायला सांगा, आणि तो काय वाचतो ते ऐका.